तांबूच्या आतड्याची शिवण

कुत्र्यामांजरांच्या आतड्याच्या ऑपरेशनचा निकाल ऑपरेशनच्या दिवशी लागत नाही, तो तिसऱ्या ते पाचव्या दिवसात लागतो. आमच्या कोल्हापूरच्या डॉक्टर मॅडमनी हे मला तांबूला भूल देण्याआधीच सांगितलं होतं. ऐकताना ते नेहमीच्या सावधगिरीच्या सूचनेसारखं वाटलं. पुढे एका आठवड्यात तांबूचं पोट दोनदा उघडावं लागलं, तेव्हा त्या वाक्यातला प्रत्येक शब्द कळला. उद्या तुम्हाला कुणी सांगितलं की तुमच्या कुत्र्याच्या आतड्यात काहीतरी अडकलंय, तर डॉक्टरांना काय विचारायचं आणि घरी कशावर नजर ठेवायची हे आधी माहीत असावं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तांबू गावठी, वजन १६ किलो, नाव रंगावरून पडलेलं. आमचं घर रत्नागिरीजवळच्या एका वाडीत. मे महिन्यात आमच्याकडे बाठ्यांचा, म्हणजे आंब्याच्या कोयींचा, ढीग असतो, कारण एक नर्सरीवाला दरवर्षी रायवळचे बाठे घेऊन जातो. कोकणात हापूसचं कोय कलम बांधतात ते रायवळच्या कोवळ्या रोपावर, त्यामुळे या बाठ्यांना मागणी असते. रायवळचा बाठा हापूसपेक्षा लहान, पण त्याला केसर म्हणजे धागे भरपूर आणि त्या केसरात रस राहिलेला. कुत्र्याला तो चघळायला फार आवडतो. बरीच कुत्री चघळून टाकून देतात, एखादं गिळतं. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पोटातून तो कधीकधी तसाच पुढे जातो. मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या लहान आतड्यात मात्र तो हमखास अडकण्याच्या मापाचा असतो.

पहिल्यांदा उलटी झाली तेव्हा कुणालाच विशेष वाटलं नाही. मेमधली कोकणातली उष्णता, त्यात कुत्रं गवत खाऊन ओकतं हे नेहमीचं. पण दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, ही पाणीपण ठेवत नाही पोटात. प्यायली की पाच मिनिटांत बाहेर." शी बंद होती. शेपूट अजून हलत होती, म्हणून धीर वाटत होता. गावाजवळच्या दवाखान्यातल्या सरांनी पोट चाचपून बघितलं, सलाईन लावलं आणि सरळ सांगितलं, "मला हाताला काहीतरी कडक लागतंय. इथे फोटो निघत नाही आणि हे ऑपरेशन इथे होणार नाही. कोल्हापूर गाठा, आजच." उलटी थांबवायचं इंजेक्शन त्यांनी मुद्दाम दिलं नाही. अडथळा असताना उलटी दाबली की जनावर बरं वाटतंय असं दिसतं आणि आत मात्र आतडं कुजत राहतं, असं ते म्हणाले. त्या सरांचे उपकार आहेत. अशा वेळी "बघू दोन दिवस" म्हणणारा भेटला असता तर पुढची गोष्टच नव्हती.

पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढलो. मागच्या सीटवर भाचा तांबूचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मलकापूरपर्यंत तिनं शेपूट हलवणंही सोडलं होतं.

मॅडमनी आधी एक्स-रे काढला. बाठा त्यात दगडासारखा पांढरा दिसेल अशी माझी कल्पना होती, तसं काही नव्हतं. लाकूड, प्लास्टिक, कापड, बाठा या वस्तू एक्स-रेवर ठळक उमटत नाहीत. दिसत होत्या त्या फुगलेल्या, हवेनं भरलेल्या आतड्याच्या वळ्या. मॅडमनी पट्टी घेऊन कमरेच्या पाचव्या मणक्याची उंची मोजली, मग फुगलेल्या आतड्याची रुंदी मोजली. कुत्र्यात आतडं त्या मणक्याच्या दीडपटीहून बरंच जास्त, साधारण १.६ पटीच्या पुढे गेलं की अडथळ्याची शंका पक्की धरतात. तांबूचं दुपटीच्या वर होतं. मग सोनोग्राफी. तिथे मात्र बाठा सापडला: एक चकचकीत वाकडी रेघ आणि तिच्यामागे काळी सावली. त्याच्या अलीकडचं आतडं पाण्यानं तुडुंब, पलीकडचं रिकामं.

मला वाटलं आता लगेच टेबलावर घेतील. घेतलं नाही. रक्त तपासलं, ड्रिप लावली आणि मॅडम म्हणाल्या, "दादा, हिच्या अंगातलं पाणी आणि क्षार गेलेत. पोटॅशियम खाली आहे, क्लोराइड खाली आहे. अशा अवस्थेत भूल दिली तर हृदय दगा देऊ शकतं. आधी काही तास हे भरून काढू." सतत उलट्या होणाऱ्या जनावराचं जठरातलं आम्ल आणि त्याबरोबर क्षार बाहेर पडत राहतात. ते दुरुस्त न करता सुरी लावणं म्हणजे वेगळाच धोका ओढवून घेणं. तिथल्या बाकावर बसून ते तास काढणं अवघड होतं, पण ती घाई न करणं हे मला आजही त्यांच्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

रिपोर्टमध्ये आणखी एक आकडा होता, ज्याच्याभोवती मॅडमनी पेनानं गोल केला. अल्ब्युमिन, २.२. रक्तातलं हे प्रथिन निरोगी कुत्र्यात २.६ च्या वर असतं. तांबूला पावसाळ्यात गोचीडताप होऊन गेला होता आणि आता कित्येक जेवणं चुकलेली, दोन्हीचा परिणाम असावा असा त्यांचा अंदाज. मग त्यांनी मला कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. अमेरिकेत २००३ साली एक अभ्यास छापून आला होता, ११५ कुत्र्यामांजरांचा, ज्यांच्या आतड्याचा तुकडा काढून टोकं जोडावी लागली होती. त्यात असं दिसलं की ऑपरेशनपूर्वीच पोटात जंतुसंसर्ग पसरलेला असणं, आतड्यात बाहेरची वस्तू अडकलेली असणं आणि अल्ब्युमिन २.५ किंवा त्याखाली असणं, यापैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तर कुत्र्यात जोड गळण्याचा धोका मोठा. मॅडमनी पोटात सुई घालून पाणी काढून बघितलं, ते स्वच्छ होतं. म्हणजे संसर्ग नव्हता. पण उरलेल्या दोन गोष्टी तांबूकडे होत्या.

"म्हणजे गळणारच का?" मी विचारलं.

"नाही. बहुतेकांचं गळत नाही. पण हिच्या बाबतीत मी पाच दिवस झोपेन ते एक कान उघडा ठेवून. तुम्हीपण तसंच झोपा."

संमतीपत्रावर सही करताना त्या कागदात काय काय लिहिलंय ते मी नीट वाचलं. तुम्हीही वाचा. त्यात गळती, पोटात संसर्ग, पुन्हा ऑपरेशन, मृत्यू असे शब्द असतात आणि ते भीती घालायला नसतात.

आतडं फक्त चिरून बाठा काढून परत शिवता आलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण बाठा एका जागी दाबून बसला की आधी त्या भिंतीतल्या नीला बंद होतात, भिंत सुजते, मग धमन्यांचं रक्तही पोचेनासं होतं. आतडं जिवंत आहे की नाही हे ठरवायला सर्जन रंग बघतात, चिमटीत धरल्यावर ते आकुंचन पावतं का बघतात, रक्तवाहिन्यांची धडधड आणि कापलेल्या कडेतून येणारं लाल रक्त बघतात. तांबूच्या आतड्याचा वीतभर भाग जांभळा-काळा पडला होता आणि चिमटल्यावर हलत नव्हता. तो काढून दोन्ही निरोगी टोकं जोडली. बाहेर आल्यावर मॅडमनी ट्रे दाखवला. बाठ्याचं केसर काळं पडून भिंतीला चिकटलेलं, आणि त्याच्या दोन्ही टोकांनी आतड्याच्या आतल्या अस्तरावर दोन खोल खुणा उमटवलेल्या. एवढीशी वस्तू हातात घेऊन बघितली की राग येतो.

त्यांच्या सहायकानं फोनवर एक छोटा व्हिडिओ घेतला होता. जोड पूर्ण झाल्यावर दोन्ही बाजूंनी आतडं बोटांनी दाबून धरायचं आणि मध्ये सिरिंजनं सलाईन भरायचं. कुठून थेंब येतो का ते बघायचं, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर पाण्यात बुडवून शोधतात तसं. एकही थेंब आला नाही. टाके दोन-तीन मिलिमीटर अंतरानं, महिनाभराहून जास्त ताकद धरणाऱ्या आणि नंतर शरीरात विरघळणाऱ्या पीडीएस दोऱ्याचे. आतड्याच्या भिंतीला थर असतात आणि टाका खरा धरून ठेवतो तो अस्तराच्या लगतचा मधला थर. वरवरचा टाका दिसायला सुबक दिसला तरी तो पकडत नाही. हे सगळं मला त्या व्हिडिओवर बोट ठेवून समजावलं गेलं.

मग तिसरा दिवसच का? मॅडमनी सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. शिवल्यावर पहिले काही दिवस जखमेला स्वतःची ताकद जवळजवळ नसतेच. शरीर आधी मेलेला भाग साफ करायला लागतं, त्यात कडेचं जुनं कोलॅजन, म्हणजे भिंत बांधून ठेवणारं प्रथिन, तेही विरघळतं. नवीन कोलॅजन अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळा भार एकट्या दोऱ्यावर आणि त्याला धरून ठेवणाऱ्या मऊ भिंतीवर. तो काळ पार झाला की आतडं झपाट्यानं भरतं, कातडीपेक्षाही लवकर. अल्ब्युमिन कमी असणारं जनावर मुळातच आजारी आणि कुपोषित असतं, त्यामुळे त्याच्यात हा नाजूक काळ जास्त धोक्याचा.

पहिला आणि दुसरा दिवस चांगला गेला. ऑपरेशननंतर कुत्र्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवायचं ही जुनी समजूत आहे. मॅडमनी शुद्धीवर आल्यावर बारा तासांच्या आतच चमचा-चमचा पातळ खाणं सुरू केलं. आतड्याच्या अस्तराच्या पेशींना त्यांचं पोषण बरंचसं आतून जाणाऱ्या अन्नातूनच मिळतं, ते उपाशी राहिले तर जखम उशिरा भरते. उकडलेल्या कोंबडीचं पाणी, मऊ शिजवलेला भात, अंड्याचा पांढरा बलक. तांबूनं चाटून वाटी लखलखीत केली. मावसभावाच्या घरी मी रात्री निवांत झोपलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायला गेलो तेव्हा तिनं मान वर केली नाही. सकाळी एकदा ओकली होती. भात हुंगून तोंड फिरवलं. मग ती उठली आणि पुढच्या पायांची कोपरं जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून तशीच थांबली. पोट दुखणारं कुत्रं असं उभं राहतं. कुत्रं खेळायला बोलावतंय असंच वाटेल, पण डोळे बघितले की कळतं. ताप १०४. निरोगी कुत्र्याचा १०२.५ पर्यंत असतो. हिरड्या विटकरी लाल झालेल्या, बोट दाबून सोडलं की रंग लगेच उसळून परत येत होता. मॅडम आल्या, पोटावर हात ठेवला आणि काही न बोलता सुई मागवली.

पोटातून आलेलं पाणी या वेळी गढूळ होतं. त्यांनी साखर मोजायचं यंत्र काढलं, आमच्या आईकडे मधुमेहासाठी आहे तसंच साधं ग्लुकोमीटर. एक थेंब तांबूच्या रक्ताचा, एक थेंब पोटातल्या पाण्याचा. रक्तात ९६, पाण्यात ४१. पोटात जंतू असले तर ते आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी तिथली साखर खाऊन टाकतात, म्हणून पाण्यातली साखर रक्तापेक्षा २० पेक्षा जास्त खाली गेली तर संशय बळावतो. पण नुकतंच ऑपरेशन झालेल्या पोटात या आकड्यावर एकट्यावर विसंबता येत नाही, म्हणून काचेवर थेंब पसरून, रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि मलाही बघू दिलं. जांभळ्या रंगाच्या फुगलेल्या पांढऱ्या पेशी, आणि त्यातल्या काहींच्या पोटात ठिपक्यांच्या माळा. ते जंतू. पेशीच्या आत जंतू दिसले म्हणजे वाद संपला. जोड गळत होता.

तिथे उभं राहून मला जे सांगण्यात आलं ते स्पष्ट होतं. पुन्हा उघडावं लागेल, आत्ताच. पोटात पसरलेल्या संसर्गानंतर वाचण्याची शक्यता निम्म्यावर धरायची, जुन्या नोंदींत तर त्याहून वाईट आकडे आहेत. खर्च पहिल्यापेक्षा जास्त येईल. आणि तिला आणखी त्रास न देता शांतपणे जाऊ देणं हाही एक मार्ग आहे, तो निवडला तर कोणी तुम्हाला दोष देणार नाही. हा शेवटचा पर्याय उघडपणे बोलून दाखवणाऱ्या डॉक्टरांचा मला आदर वाटतो. कित्येक ठिकाणी तो कुजबुजतच सांगतात किंवा सांगतच नाहीत, आणि पैसे संपल्यावर माणूस गप्प जनावर उचलून घरी घेऊन जातो.

आईला फोन केला. ती म्हणाली, "तिचे डोळे कसे आहेत?" मी म्हटलं, बघतेय माझ्याकडे. "मग विचारतोस काय?"

रक्त लागणार होतं. मावसभावाच्या मित्राकडे ३० किलोचा लॅब्रडॉर होता, लसीकरण पूर्ण झालेला, चांगल्या तब्येतीचा. कुत्र्यांना दुसऱ्या रक्तगटाविरुद्धची जोरदार प्रतिपिंडं जन्मतः नसतात, त्यामुळे पहिल्यांदा रक्त देताना धोका कमी असतो. तरीही मॅडमनी दोघांचं रक्त एकमेकांत मिसळून गुठळ्या होत नाहीत ना ते बघितलं. मांजरांच्या बाबतीत हे अजिबात चालत नाही, त्यांच्यात अशी प्रतिपिंडं मुळातच असतात आणि चुकीच्या गटाचं थोडंसं रक्तही जीव घेऊ शकतं. त्या लॅब्रडॉरनं टेबलावर आडवं पडून, गळ्याजवळच्या नसेतून रक्त देताना एकदाही कुरबुर केली नाही. त्याच्या मालकानं मला पैशांचं नावही काढू दिलं नाही.

दुसऱ्या वेळी आत काय सापडलं? आतड्याला जिथून रक्तवाहिन्यांचा पडदा चिकटलेला असतो, त्या बाजूला दोन टाक्यांच्या मधली भिंत मऊ पडून उघडली होती. गळती बरेचदा याच बाजूला होते, कारण तिथली चरबी कड झाकून टाकते आणि टाका नेमका कशातून गेला ते दिसत नाही. जुना जोड पूर्ण कापून काढला, नव्या निरोगी टोकांवर पुन्हा जोड दिला, पोटातला ओमेंटम नावाचा चरबीचा जाळीदार पदर त्यावर गुंडाळला. हा पदर सुजलेल्या जागेला रक्तपुरवठा देतो आणि छोटी गळती असली तर तीही चिकटून बंद करतो. कित्येक लिटर कोमट सलाईननं पोट धुतलं. पोटातलं पाणी बाहेर यायला ड्रेनची नळी बसवली आणि गळ्यातून अन्ननलिकेत खाण्याची नळी बसवली, कारण आता तिच्या भुकेवर अवलंबून राहायची वेळ नव्हती.

पुढचे दिवस मी आकड्यांत जगलो. ड्रेनच्या रबरी फुग्यात किती मिलिलिटर जमलं, रंग कसा, आज पेशींत जंतू दिसले का, ताप किती, लघवी किती. पाणी रोज थोडं कमी येत होतं आणि गढूळपणा फिकट पडत होता. नळीतून दर काही तासांनी पातळ खाणं, आधी कोमट पाणी, मग खाणं, मग परत पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. वेदनाशामक वेळेवर. पोट दुखणारं जनावर खात नाही, न खाणारं जनावर भरून येत नाही, हे मॅडम सगळ्यांना सांगत असत. सूज उतरायला आपण माणसांना सर्रास देतो त्या गोळ्या मात्र इथे चालत नाहीत, त्या जठर-आतड्याला आणि किडनीला त्रास देतात. घरातली कुठलीही वेदनेची गोळी कुत्र्या-मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच.

पुन्हा तिसरा, चौथा, पाचवा दिवस आला. या वेळी मी मावसभावाच्या घरी झोपलो नाही, दवाखान्याच्या बाकावर होतो. पाचव्या दिवशी सकाळी सफाईला येणाऱ्या मावशींनी त्यांच्या डब्यातला पोळीचा तुकडा तिच्या पिंजऱ्यासमोर धरला, आणि गळ्यात नळी असताना तांबूनं तो ओढून घेतला. मॅडम थोड्या रागावल्या, मग हसल्या. त्या दिवशी ड्रेन काढला.

खर्च सगळा मिळून ७० हजारांच्या आसपास गेला. आमच्यासारख्या घराला तो जड आहे, हे लपवून काय करायचं. काही शहरांत जनावरांच्या मोठ्या धर्मादाय आणि महाविद्यालयांच्या दवाखान्यांत ऑपरेशनचा खर्च कमी येतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहे. पण उलट्या करणारं कुत्रं घेऊन रत्नागिरीहून तिथे पोचायला लागणारा वेळ आमच्याकडे नव्हता. आता कुत्र्यांचा विमा मिळतो, तो तब्येत चांगली असताना घेऊन ठेवावा असं मी ओळखीतल्या सगळ्यांना सांगतो.

आता तांबूचं वजन पूर्वीपेक्षा किलोभर जास्त आहे. लहान आतड्याचा थोडा भाग गेल्यानं तिला काही फरक पडला नाही. निम्म्याहून बरंच जास्त आतडं काढावं लागलं तर अन्न शोषलं न जाण्याचा त्रास होऊ शकतो, आमच्याकडे ती वेळ आली नव्हती.

नंतर मी जे काही वाचलं त्यातला एक आकडा मनातून जात नाही. २००९ साली छापून आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २०८ कुत्र्यामांजरांच्या पोटात अडकलेल्या वस्तूंची नोंद होती. बाठा, चेंडू अशा एकाच जागी अडकणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ९४ टक्के कुत्री आणि सगळीच्या सगळी मांजरं वाचली. दोरा, सुतळी, कापडाची पट्टी अशा लांब वस्तूच्या बाबतीत कुत्री ८० टक्के आणि मांजरं फक्त ६३ टक्के. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठर आतड्याला मिळतं तिथे अडकतं, उरलेला पुढे ओढला जातो आणि आतडं त्या दोऱ्यावर गोळा होऊन ठिकठिकाणी कापलं जातं.

हा आकडा मला उगाच आठवत नाही. पुढच्या संक्रांतीनंतर आमच्या शेजारच्या काकूंच्या मांजरानं पतंगाचा मांजा गिळला. काकू धावत आल्या, "जिभेखाली दोरा दिसतोय रे, ओढून काढू?" मी म्हटलं, "काकू, हात लावू नका. तो ओढलात तर आतून आतडं चिरेल." तसंच कोल्हापूरला नेलं. त्या मांजराच्या जठरावर एक आणि आतड्यावर तीन ठिकाणी चीर देऊन मांजा तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला, एकदम ओढून नव्हे. आतड्याला भोक पडलेलं नव्हतं, अल्ब्युमिनही चांगलं होतं, हे काकूंनी मॅडमना स्वतः विचारून घेतलं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचायला लागते, म्हणून त्यालाही दुसऱ्या दिवसापासून खायला घातलं.

घरी परतायच्या आधी काकूंनी मला फोन केला. मॅडमनी काय सांगितलं, ते त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं आणि परत माझ्याकडून तपासून घेत होत्या. ताप सकाळ-संध्याकाळ मोजायचा, उलटी झाली की वेळ लिहायची, खाणं नाकारलं की वाट बघायची नाही. "आणि हे कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सातव्या दिवसापर्यंत, काकू. पाचवा दिवस उलटला तरी दोन दिवस जास्त."